नसलेला बिघाड

आबा, परवा फायबरचं कनेक्शन द्यायला माणूस येऊन गेला. मी आता आईसोबत तासगावातच राहते, पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते, त्यामुळे वेग लागतो. त्याने केसाएवढी बारीक काचेची तार आत घेतली, भिंतीवर डबी ठोकली आणि मोबाईलवर मोजून दाखवलं, शंभर एमबी. मग खिडकीवरून लोंबणाऱ्या तुमच्या जुन्या तांब्याच्या तारेकडे बोट करून म्हणाला, "ताई, ही काढून टाकू का? आता लय जुनी झालीया." त्या तारेला तुमच्या हातचे तीन जोड आहेत, काळी टेप गुंडाळलेले. मी म्हटलं, राहू दे. कशाला, हे त्याने विचारलं नाही, बरं झालं. विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तुम्ही टेलिफोनचे लाइनमन. आयुष्य खांबांवर गेलं आणि राग एकाच गोष्टीचा यायचा, तुमच्या हद्दीतली लाईन खराब आहे असं कुणी म्हटलं की. जेवता जेवता उठून जायचात. आपल्याकडे पहिला मोडेम आला तेव्हा मी बारावी होऊन घरी होते. टेबल तुम्हीच खिडकीपाशी लावलंत, उजेड येतो म्हणून. मोडेमचा तो किरकिरा आवाज सुरू झाला की तुम्ही कान देऊन ऐकायचात आणि म्हणायचात, "लागली बघ." खोक्यावर वेग म्हणून छप्पन केबी लिहिलेलं होतं, पडद्यावर मात्र तेहतीस यायचं. मी कुरकुरले की तुम्ही हसायचात. "खोक्यावर लिवायला काय जातंय? एक्स्चेंजपास्नं आपल्या दारापतूर चार किलोमीटर तांबं हाय. वाटंत जेवढं मुरतंय तेवढं मुरणारच."

मग तुम्हाला नादच लागला. शेजारच्या काकींचा मुलगा फौजेत, बर्फात पोस्टिंग. बर्फ दिसतो तरी कसा, असं त्या विचारत राहायच्या म्हणून मी एक बर्फाच्या डोंगराचा फोटो शोधला होता. तोच फोटो आपलं माप झाला. आपल्याकडे तो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरायचा, आधी आभाळ, मग शिखर, आणि तुम्ही हातात घड्याळ घेऊन उभे. सव्वातीन मिनिटं. साताऱ्याला आत्याचं घर एक्स्चेंजच्या पाठीलाच, तिथे तशाच मोडेमवर सव्वादोन. बेदाण्याच्या व्यापाऱ्याकडे आयएसडीएनची लाईन तुम्हीच ओढून दिली होतीत. एकाच तारेतून दोन वाटा, एकीवर बोला, दुसरीवर नेट चालवा, दोन्ही जोडल्या की पन्नास सेकंदांत डोंगर समोर. सांगलीच्या कॅफेत केबलवरचं नेट होतं. सकाळी तिथे अर्ध्या मिनिटात फोटो आला म्हणून मी उड्या मारल्या, तर संध्याकाळी तुम्ही मुद्दाम परत घेऊन गेलात आणि चार मिनिटं लागली. "समदी गल्ली एकाच नळाला लागल्यावर काय हुणार," म्हणालात. नुसता आकडा विचारू नये, कुणाच्या दारात आणि कोणत्या वेळेला तेही विचारावं, हे मला त्या दिवशी कळलं. कॉलेजात पुढे जे शिकवलं ते यापेक्षा फार वेगळं नव्हतं.

व्यापाऱ्याकडच्या दोन वाटांचा मला हेवा वाटायचा. आपल्याकडे एकच. नेट चालू असलं की फोन एंगेज. आणि आपला फोन नुसता आपला कुठे होता? गल्लीतल्या पाच घरांनी तो पीपी, म्हणजे शेजाऱ्यांकडचा, नंबर म्हणून दिलेला. रविवारी अकरा ते बारा काकींच्या मुलाचा फोन यायचा, तिकडे रांगेत उभा राहून लावायचा तो. काकी पावणेअकरालाच येऊन बाहेर खिडकीखालच्या पायरीवर बसायच्या. आत या म्हटलं तरी यायच्या नाहीत. "तुजा अभ्यास चाललाय बाय, मी हितंच बरी," म्हणायच्या. अकरानंतर नेट लावायचं नाही, एवढा एकच नियम तुम्ही मला घालून दिला होतात.

त्या रविवारी तुम्ही कुणाच्या तरी तक्रारीवर गेला होतात. मला एक प्रोग्रॅम सापडला होता, मोडेमचा वेग दुप्पट करतो म्हणे. तुम्ही परत आल्यावर तेहतीसच्या जागी छप्पन दाखवायचं आणि तुमचं ते 'मुरतंय' खोटं पाडायचं, या हट्टाला मी पेटले होते. सकाळपासून दोनदा लाईन तुटली आणि दोन्ही वेळा पहिल्यापासून उतरवायला लागलं. तिसऱ्या खेपेला अकरा वाजून गेले. मग सव्वाअकरा. मग साडेअकरा.

पावणेबाराला तुम्ही आलात. काकींचा आवाज आत ऐकू आला. "आवं भावजी, आज वाजलाच न्हाई की वो. उद्या वरच्या चौकीला जानार हाय म्हनला हुता. तीन म्हयने तितं फोन न्हाई." तुम्ही आत आलात. मोडेमचे दिवे लुकलुकत होते. माझ्याकडे बघितलंही नाहीत. खिडकीचा पडदा बाजूला सारलात, खुंटीवरचा खांबावर चढायचा पट्टा घेतलात आणि बाहेर जाऊन म्हणालात, "वयनी, लाईन खराब झालीया. माजीच चूक. कालचा जोड ढिला ऱ्हायला."

मी गडबडीने मोडेमची तार उपटली. बाहेर तुम्ही खांबाला शिडी लावली होतीत आणि खाली शिडी धरून काकी उभ्या होत्या. भर उन्हात, पदर डोक्यावर घेऊन, दोन्ही हातांनी घट्ट. वर तुम्ही नसलेला बिघाड शोधत होतात. सगळी गल्ली बघत होती, लाइनमनच्या स्वतःच्या घरची लाईन खराब. कुणीतरी चेष्टाही केली, आणि तुम्ही वरून हसून मान डोलावलीत. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. बारा वाजून गेल्यावर उतरलात आणि म्हणालात, "झाली बगा चालू." काकी म्हणाल्या, "तुमी तरी काय करनार वो," आणि तुम्हाला पाणी आणून दिलं.

जेवायला बसल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "ती पायरीवर बसलीया हे तुला दिसलं नसंल, व्हय?" मी ताटाकडे बघत म्हणाले, "नाही दिसल्या." तुम्ही मान हलवलीत. तो विषय तुम्ही पुन्हा कधी काढला नाहीत. मला वाटलं, सुटले.

महिन्याने काकींच्या मुलाचं पत्र आलं. काकींना तुम्ही वाचून दाखवलंत. "तीनदा लावला, लागला न्हाई," असं वाचलंत. नंतर पत्र टेबलावर राहिलं होतं ते मी उचललं. त्यात लिहिलं होतं, तीनदा लावला, तिन्ही वेळा एंगेज. ते तीन महिने काकी दर रविवारी येऊन बसत होत्या. फोन येणार नाही हे त्यांना माहीत होतं, तरी. आणि तुम्ही दर रविवारी रिसीव्हर उचलून लाईन तपासत होतात. तो प्रोग्रॅम मी पुन्हा कधी उतरवला नाही.

तो सुखरूप आला, हे खरंच देवाचे उपकार. पुढे त्याच तांब्यावर ब्रॉडबँड आलं, तुम्ही तेव्हा रिटायर झाला होतात. फोन आणि नेट वेगळं करणारी ती चिमुकली डबी स्वतःच्या हाताने बसवलीत आणि आधी काकींना बोलावून फोनपाशी बसवलंत. त्या आपल्या मुलाशी बोलत होत्या आणि तेवढ्यात पडद्यावर डोंगर आला, तीन सेकंदांत. घड्याळ तुमच्या हातात होतं, पण तुम्ही बघत होतात काकींकडे. "आता दोनीबी चालतंय," म्हणालात. दोन वर्षांनी तुम्ही गेलात.

काकी आहेत अजून. मुलगा पेन्शनवर आलाय, शेजारीच असतो, तरी पायरीवर बसायची सवय जात नाही. परवा फायबरवाल्याला त्याही म्हणाल्या, "ती तार ऱ्हाऊ दे, भावजींनी भर उनात जोडलीया." मी आत निघून गेले.

हे वहीत लिहितेय. पाठवायला पत्ता नाही, आणि काकींना वाचून दाखवायची हिंमत अजून होत नाही. तुम्हाला तरी सांगते. त्या दिवशी मला काकी दिसत होत्या, आबा. पडद्यावर ब्याण्णव टक्के झालं होतं. काकींनी एकदा वर बघितलं, आणि मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.