फळ्याचा नोंदणी क्रमांक

बाबा, आपल्या चौकातल्या फळ्याला आता सरकारी नंबर मिळाला आहे. डाव्या कोपऱ्यात पत्र्याची पट्टी ठोकली आहे, तिच्यावर नोंदणी क्रमांक आणि त्याखाली 'जबाबदार व्यक्ती' म्हणून माझं नाव. ठोकणाऱ्यानं खिळा जोरात मारला, त्यामुळे फळ्याला चीर गेली. तुम्ही असता तर आधी त्या चिरेवरून त्याला झापलं असतं आणि मग पट्टी वाचली असती. मला मात्र आधी माझं नाव दिसलं. आपल्या हाराच्या दुकानावरही आपण कधी नाव लावलं नाही. 'फुलवाल्याची पोरगी' एवढ्यावर माझं अर्धं आयुष्य निघून गेलं, मधली अकोल्याची सासरची वर्षं सोडली तर. या वयात नाव लागलं ते असं लागलं.

नव्या दुकानदारांना फळा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं. तुम्ही पहाटे लिलावातून यायचात, तिवश्याकडच्या झेंडूची पोती रिक्षातून उतरवून घ्यायचात आणि चहाच्या आधी ओलं फडकं घेऊन फळ्यासमोर उभे राहायचात. पुसायचात फक्त आपली कालची ओळ. बाकीच्यांच्या ओळींना फडक्याचं टोकसुद्धा लागू द्यायचा नाहीत. चौकाचा कायदा एवढाच होता. लिहायचं कोणीही, खाली नाव टाकायचं, आणि पुसायचं ज्यानं लिहिलं त्यानंच. पटलं नाही तर त्याच्याखाली लिहा, जागा भरपूर आहे. कोणाची म्हैस हरवली, कोणाच्या घरी तेरवी आहे, नळ कधी येणार. एकदा तुम्ही लिहिलं होतं, 'नगरसेवक बरेच दिवस दिसले नाहीत. आढळल्यास कळवावे.' ते स्वतः येऊन वाचून गेले, हसले, आणि खाली 'आढळलो' असं लिहून सही करून गेले. नळ आला नाही तो नाहीच.

मी चौथीत होते तेव्हाचं आठवतं का? समोरच्या पानवाल्यानं लिहिलं होतं, 'फुलवाला शिळे हार विकतो.' मी शाळेतून येताना ते वाचलं आणि फ्रॉकच्या घेरानं पुसून टाकलं. मला वाटलं तुम्ही पाठ थोपटाल. तुम्ही हातातला हार खाली ठेवला. "कोणं लिहिलं होतं ते? तू?" मी नाही म्हणून मान हलवली. "मंग काऊन पुसलं वं? तुह्या बापाबद्दल हाये म्हणून?" आणि माझं मनगट धरून मला पानवाल्यापुढे उभं केलंत. "भाऊ, पोट्टीनं पुसलं. पुन्ना लिही बापा." तो बिचारा इतका ओशाळला की खडू त्याच्या हातातून दोनदा पडला. तरी तुम्ही त्याच्याकडून लिहून घेतलंतच, आणि खाली आपल्या अक्षरात लिहिलंत, 'कालचे होते, खरं आहे. आज अर्ध्या भावात.' त्या दिवशी हार दुपारीच संपले. मी मात्र रात्री जेवले नाही, मला तुमचा फार राग आला होता. आईनं समजूत घातली नाही, कारण तिलाही तुमचं पटलं नव्हतं.

मग तो हवालदार. "हा फळा कोनाच्या परवानगीनं हाये?" तुम्ही हातातला दोरा न सोडता म्हणालात, "मले तं माईत नाई साहेब. कोनाची लागते ते पाहून या, मी आंगठा देतो." तो पुन्हा आला तो आपली हरवलेली सायकल फळ्यावर लिहायला. ही गोष्ट मी कितीतरी जणांना हसत हसत सांगितली आहे. हल्ली सांगताना हसू येत नाही. मला वाटायचं तुम्ही धीट होता. आता वाटतं, त्या हवालदाराला खरंच माहीत नव्हतं कोणाची परवानगी लागते, एवढंच. सरकारचं लक्ष नव्हतं तोवर आपण मोकळे होतो, आणि त्यालाच आपण हक्क म्हणत होतो.

मागच्या वर्षी एका सकाळी फळ्यावर एक ओळ निघाली. तिच्याखाली नाव नव्हतं. 'त्यांच्या' दुकानातून काही घेऊ नका, अशी. 'ते' म्हणजे कोण हे चौकात सगळ्यांना कळलं, कारण आपल्या रांगेत तसं दुकान एकच, तुमच्या गादीवाल्या चाचांचं. ज्यांच्या दुकानातला पिंजलेला कापूस उडून आपल्या शेवंतीवर बसायचा आणि तुम्ही रोज भांडायचात, आणि भांडून झालं की दोघं एकाच बशीतून चहा प्यायचात. मी तुम्ही शिकवलं तेच केलं. पुसलं नाही. खाली लिहिलं, 'माझ्या घरातल्या सगळ्या गाद्या त्यांच्याच हातच्या आहेत,' आणि नाव टाकलं. बाबा, तुमचा उपाय चालला नाही. कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला तो फक्त वरच्या ओळीचा. दुपारपर्यंत तो गावभर फिरला, माझी ओळ कापून. संध्याकाळी अनोळखी पोरं फळ्यासमोर उभी राहून आपले फोटो काढायला लागली. चाचांनी दुकान बंद ठेवलं. तेव्हा पानवाला ओशाळला, कारण त्याला तुमच्या डोळ्यांत पाहावं लागत होतं. यांना कोणाच्या डोळ्यांत पाहायचं होतं?

शेवटी चाचाच म्हणाले, "पुस ना वं बेटी. तुह्या बापाचा कायदा मले बी माईत हाये, पन आता पुस." मी पुसलं. आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मिळून नगरपालिकेच्या ऑफिसात गेलो. आम्हीच गेलो, बाबा, कोणी बोलावलं नव्हतं. म्हटलं, नियम करा, जो लिहील त्यानं नाव दिलं पाहिजे, कोणीतरी जबाबदार पाहिजे. तिथल्या बाबूंना इतका आनंद झाला की त्यांनी चहा मागवला. "बराबर हाये ताई. गाडीले नंबर असते, घराले नंबर असते, मंग बोलन्याले काऊन नाई?" मलाही ते पटलं. खरं सांगते, तेव्हा अगदी पटलं. त्या नावाशिवायच्या ओळीनं एका म्हाताऱ्या माणसाला आपल्याच दुकानाचं शटर उघडायची भीती वाटायला लागली होती. तिला मोकळं सोडणं म्हणजे स्वातंत्र्य, असं मी त्याच्या तोंडावर कशी म्हणणार होते?

हुकूम आला तेव्हा त्यात नावाची अट होतीच, पण ती अगदी शेवटी. त्याच्या आधी बरंच काही होतं. विषय मंजूर असलेलेच लिहायचे. शुभेच्छा, श्रद्धांजली, सुविचार, बाजारभाव, आरोग्याच्या सूचना. याबाहेरचं काही असेल तर आधी अर्ज. फळ्यावर जे काही असेल त्याला जबाबदार व्यक्ती उत्तर देईल आणि आक्षेपार्ह मजकूर तीच तात्काळ पुसेल. मी सही करताना विचारलं, "आक्षेपार्ह म्हंजे काय?" बाबू म्हणाले, "ते तुमाले समजतेच ना ताई." चाचांनी तिथं घटनेचं नाव काढलं, बोलायचा हक्क दिला आहे म्हणाले. बाबू शांतपणे म्हणाले, "देल्ला हाये ना चाचा. पन वाजवी निर्बंध बी तिथंच लिवले हायेत, त्याच कलमात." चिडून नाही, अगदी प्रेमानं समजावून सांगितलं. आणि ते खोटं बोलत नव्हते.

तेव्हापासून फळ्यावर सुविचार असतात. अक्षर माझंच, सुंदर असतं, तुमच्यापेक्षा चांगलं. ती जुनी ओळ लिहिणारा कधी सापडला नाही आणि त्याला फळ्याची गरजही उरली नाही, त्याचं मोबाईलवर उत्तम चाललं आहे. नंबर त्याला लागला नाही, आपल्याला लागला.

पावसाळ्यानंतर आपल्या रांगेतल्या एकाच शेडवर हटवायची लाल खूण झाली, चाचांच्या. रस्त्याच्या आड येते म्हणे. त्याच्या दोन्ही बाजूंची दुकानं त्याच रेषेत आहेत, त्यातलं एक माझं. चाचा म्हणाले, "बेटी, मले फक्त इचारा लागते. फळ्यावर. माह्या नावानं." मी रीतसर अर्ज केला. विषय यादीत नाही, विचार करू, पुढच्या आठवड्यात या. मग साहेब रजेवर चिखलदऱ्याला. मग शांतता भंग होऊ शकते, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, ऑफिसचं आणा. शेवटी एका शुक्रवारी चाचा स्वतः खडू घेऊन उभे राहिले आणि लिहिलं, 'माझं एकट्याचंच दुकान काऊन हटवून राहिले?' खाली पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. मी सुविचार वरच्या बाजूला लिहून ठेवला होता, त्याला त्यांनी खडूसुद्धा लागू दिला नाही.

लोक थांबत होते, वाचत होते, पुढे जात होते. एकानंही खाली काही लिहिलं नाही. मी दुकानात बसून निशिगंध ओवत होते आणि दर ओवणीला फोनकडे पाहत होते. डोक्यात एकच, पट्टीवर नाव माझं आहे आणि दुकान त्याच रेषेत आहे. चाचा नमाजाला गेले. मी उठले, फडकं ओलं केलं आणि त्यांची ओळ पुसली. नावावरून फडकं दोनदा फिरवावं लागलं, खडू जोर देऊन लिहिलेला होता.

ते परत आले, फळा पाहिला आणि माझ्याकडे आले. "ऑफिसचा फोन आलता काय वं?" मी मान हलवली, हो म्हणून. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मंग तू तरी काय करशीन. तुह्यावर काई आलं नाई ना?" पुढच्या आठवड्यात शेड काढली. ते आता मुलाकडे अकोल्याला असतात, तिथं मुलाच्या दुकानात बसतात म्हणे. जाताना मला एक लोड देऊन गेले, नवा, गच्च भरलेला. मी तो वापरत नाही.

बाबा, तुमचा पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. त्या दुपारी ऑफिसातून कोणी आलं नव्हतं. कोणाचा फोनही आला नव्हता. आजपर्यंत आलेला नाही.