पाखरांनी पेरलेली रोपं

देवनहळ्ळी, सोमवार

धाकट्या गंगव्वाला अक्काचा आशीर्वाद. इकडं सगळी बरी आहेत, मीही दोन वेळ जेवते. गुडघ्याला तेल लावतेस ना? माझ्या कंबरेचं विचारू नकोस.

निलगिरी तोडलेल्या माळावर देशी झाडं लावायच्या कामाला जाते, ते तुला ठाऊक आहेच. शनिवारी मी एक कोपरा खुरपून लख्ख केला. ओळीत लावलेली झाडं तेवढी ठेवली. वाटलं, आमचं काम बघणाऱ्या विद्या मॅडम शाबासकी देतील. त्या मटकन खालीच बसल्या.

"आजी, गवतातली रोपं पाखरांनी पेरलेली होती हो! ती आपोआप उगवायची चार वर्षं वाट बघत होतो."

मी म्हटलं, "मग पाखरांना सांगायचं, ओळीत पेरा."

कुणी हसलं नाही. काम गेलं असं समजून मी डबा उचलला. लेकाच्या घरी चौथ्या मजल्यावर दिवसभर कोंडून बसायचं म्हणजे मला शिक्षाच.

तेवढ्यात त्या म्हणाल्या, "काय काय उपटलंत?"

"नऊ बोरी, सहा कडुलिंब, दोन जांभळी."

"एवढ्याशा रोपावरून ओळखता?"

"जन्मभर तंबाखूच्या रानातनं हेच उपटलं की."

आज त्यांनी माझं खुरपं काढून घेतलं आणि लाल चिंध्या दिल्या. गवतात रोप दिसलं की शेजारी काडी रोवून चिंधी बांधायची, म्हणजे माझ्यासारखी दुसरी कुणी उपटणार नाही.

थोरांना नमस्कार सांग. काम टिकलं, पण वाकायचं काही चुकलं नाही गं.

तुझी,
महानंदाअक्का