पंजा सरळ म्हणजे थांब

४ फेब्रुवारी
उजव्या तळहातात, करंगळीशेजारच्या बोटाच्या मुळाशी, एक गाठ. वाटाण्याएवढी. दुखत नाही. घट्टा असणार, कष्टाचा हात आहे. हिचं म्हणणं, क्रेनच्या सिग्नलवाल्याला नुसता हात वर करून घट्टे कसे पडतात. बायकोला साइटवरचं काय कळणार! रोज गरम पाणी आणि तेल. महिनाभरात गायब.

१९ मार्च
गाठ तिथेच. तिच्यापासून बोटाकडे कातडीखाली एक दोरी ताणल्यासारखी. बोट जरासं आत. बाबांचं असंच सुरू झालं होतं. पण बाबांचं वेगळं. त्यांची दोन बोटं शेवटी तळव्याला टेकली, शर्टाची बटणं आई लावून द्यायची. ते वयामुळे. मी एकावन्नचा. विषय संपला.

दुपारी डबा खाऊन झाल्यावर शर्टाची सगळी बटणं काढून पुन्हा लावली. सहज.

२ जून
करंगळीही सामील. फोनवर शोधलं. फोटो आले. हात बाबांचा, माणसं अनोळखी. पाचावर धारण बसली. फोन बंद. लोकांना घाबरवायचा धंदा आहे नुसता.

बंद करण्यापूर्वी एवढं वाचलं की हात टेबलावर सपाट बसतो का ते बघा. नाही बसला. आमच्या टेबलाला बाक आहे. मग ओट्यावर ठेवला. ओट्यालाही बाक असावा.

१३ जुलै
सुट्टी होती. स्टीलचा चमचा बोटाला चिकटपट्टीने बांधून दिवसभर बसलो. संध्याकाळी सोडला. चमचा सरळ, बोट तसंच. हिने विचारलं की आमटीचा चमचा कुठे गेला. ताकास तूर लागू दिली नाही.

१४ ऑगस्ट
आता खरी अडचण. आमच्याकडे पंजा सरळ म्हणजे थांब, बोटं अर्धी मिटलेली म्हणजे हळू खाली. वॉकीटॉकी आहे, पण मशिनच्या आवाजात ऐकू येत नाही. वर क्रेनच्या केबिनमध्ये हिचा धाकटा भाऊ. त्याला माझा हात दिसतो, बाकी काही नाही. सुपरवायझरला कळलं तर मला गेटवर बसवेल.

डोकं चालवलं. हातमोज्याच्या दोन बोटांत आइस्क्रीमच्या काड्या. माझी बोटं आत मुडपलेली, मोज्याची ताठ. आरशात पाहिलं. झकास. डॉक्टरची फी वाचली.

२७ ऑगस्ट
लोखंडाचा गठ्ठा खाली येत होता. खाली उंट उभा. गठ्ठे सोडवणारा हा आमचा सहा फुटी गडी, त्यामुळे हे नाव. मी थांबची खूण केली आणि काड्या सरकल्या. मोज्याची दोन बोटं मान टाकून लोंबायला लागली. गठ्ठा येतच राहिला. मला ओरडताही येईना. उंटाच्या हेल्मेटपासून वीतभर वर थांबला. मेहुण्याने कसा थांबवला देव जाणे.

उंटाला पत्ताही नाही. त्याने मला तंबाखू देऊ केली. मी घेतली नाही. त्याला दोन लहान मुली आहेत.

३० ऑगस्ट
ठरलं. यापुढे डावा हात. डावा ठणठणीत. सवयीचाच तर प्रश्न आहे. तरी एकदा डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन ठेवतो, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको.

५ सप्टेंबर
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात टेबलावर सपाट ठेवा. कुठला ते त्या बोलल्या नाहीत. मी डावा ठेवला. इस्त्री केल्यासारखा बसला. उजवा खिशात. मनात म्हटलं, पास.

बाईंनी डावा उलटा केला, तळव्यावरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबवला. तेच बोट, तेच मूळ. म्हणाल्या, इथे सुरुवात झालीये, घरात कुणाला होतं का. बाबांना, म्हटलं. मग म्हणाल्या, आता खिशातला दाखवा.

कातडीखालचा पडदा जाड होऊन आखडतो, बोटांना आत ओढतो. कॅन्सर नाही. तेलाने, चमच्याने सुटत नाही. उजव्याचं ऑपरेशन करू, बोटं बरीच सरळ होतील, पण पुन्हा वाकणार नाहीत अशी हमी नाही. डाव्यावर लक्ष ठेवायचं. असं बरंच समजावलं. मला एकच विचारायचं होतं, बटणं लावता येतील ना. विचारलं नाही.

६ सप्टेंबर
मेहुण्याला सगळं सांगितलं. चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, दाजी, मला कधीचंच माहीत आहे, तुमच्या पंजाकडे मी बघतच नाही. तुम्ही घाबरलात की तुमचे खांदे कानाला लागतात. ते दिसले की मी थांबवतो. आणि हल्ली ते दिवसभर वरच असतात, त्यामुळे काम फार हळू चाललंय.

सुपरवायझरला मीच सांगितलं. उद्यापासून गेटवर.

७ सप्टेंबर
गेटचा नवा शर्ट. कडक कापड. वरचं बटण लागेना. हिने गॅस बारीक केला, ओले हात पदराला पुसले आणि लावून दिलं. कॉलरही नीट केली.