आईच्या खोलीतला बल्ब

३ जानेवारी
संकल्प ठरला. घरातले सगळे जुने पिवळे बल्ब हद्दपार. यंदा घर शंभर टक्के एलईडी. ही म्हणाली, बाकी कुठेही लावा, आईंच्या खोलीतला तेवढा राहू द्या, त्यांना हल्ली नवीन काही झेपत नाही. हिला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. आई विसरते, कारण खोलीत उजेड नाही. माणसाला नीट दिसलं की नीट आठवतं.

५ जानेवारी
मोहीम फत्ते. सगळीकडे पांढरा स्वच्छ उजेड, आईच्या खोलीत सगळ्यात मोठा. कोपऱ्यातली जळमटंसुद्धा दिसायला लागली. त्यावरून हिचं तोंड वाकडं. जुने बल्ब पिशवीत घालून हातोडीने फोडले, नाहीतर ही माझ्या पाठीमागे परत लावायची. मी हिला ओळखून आहे.

तोच दिवस, संध्याकाळ
आईने विचारलं, मला दवाखान्यात कधी आणलं? गंमत करते. मूड सुधारलेला दिसतो.

९ जानेवारी
आईने मला डॉक्टर म्हणून हाक मारली. मी डॉक्टर व्हावं ही तिची फार इच्छा होती. बारावीला थोडक्यात हुकलं. म्हणजे जुनं सगळं आठवायला लागलंय. मी म्हणतच होतो.
जेवली मात्र नाही. दवाखान्याचं नको, घरी गेल्यावर जेवीन म्हणते.

१२ जानेवारी
सकाळी आईने कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि दाराशी येऊन बसली. मुलगा न्यायला येणार आहे म्हणाली. समोर उभा राहून सांगितलं, अगं आई, मीच तो. तर म्हणाली, तुम्हाला बरेच पेशंट असतील, तुम्ही जा, मी थांबते. दुपारपर्यंत तशीच बसून होती. ही रडली. हिला रडायला काही लागत नाही. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते नव्या उजेडामुळे. सवय व्हायची आहे.

१३ जानेवारी
ताईचा फोन. हिनेच चुगली केली असणार. ताई म्हणाली, अक्कल गहाण ठेवलीस का, आधी तो दिवा काढ. लांबून बोलायला तिचं काय जातं. सगळं कंट्रोलमध्ये आहे, असं सांगितलं.

१६ जानेवारी
आई आता पाणीही नको म्हणते. मला भीती वाटते.
माघार म्हणून नव्हे, तात्पुरता प्रयोग म्हणून जुना बल्ब लावायचं ठरवलं. अख्खा बाजार पालथा घातला. कोणी ठेवतच नाही. एक दुकानदार म्हणाला, काका, कुठल्या जमान्यात आहात? मला! शेवटी एका पोल्ट्रीवाल्याने दिला. पिल्लांना ऊब द्यायला तो अजून तेच वापरतो.

१७ जानेवारी
शिडी लावून बल्ब बसवला. आई खोलीभर नजर फिरवत राहिली. मग उशी चाचपली, गाठोडं सोडलं. घरी आले एकदाची, म्हणाली. ही धावत ताट घेऊन आली आणि आई हिच्या हातून जेवली. प्रयोग यशस्वी.
मी शिडीवरून उतरलोच नाही. उतरलो तर पुन्हा डॉक्टर म्हणेल असं वाटत होतं. तेवढ्यात तिनेच वर पाहिलं. म्हणाली, भलं होवो तुमचं, दिवा लावून दिलात. माझ्या मुलाने काढून नेला होता हो. तो आला तर त्याला आत घेऊ नका.
मी बरं म्हणालो.