मार्सलीचं शेवटचं कडवं

शाळेमागचं घर
१४ एप्रिल १९३४

प्रिय एफी,

देव तुला सांभाळो. ग्लासगोच्या धुराने खोकला वाढला नसेल, लेक-जावई बरे असतील असं धरून चालतो. इथे कोकरं झाली, तुझ्या तांबड्या गायीला वासरू झालं. माझे गुडघे जुनंच गाऱ्हाणं गातात.

गुरुवारी पेगीकडे विणलेलं ओलं कापड आपटून घट्ट करायला बायका जमल्या होत्या. पुरुषांना आत मज्जाव, म्हणून मी नेहमीसारखा खिडकीखाली. म्हाताऱ्या कर्स्टीने पाहिलंच. "मास्तर, आत पाय टाकलात तर कापडाबरोबर तुम्हालाही आपटू!" मग मार्सलीचं गाणं सुरू झालं.

एफी, जन्मभर वर्गात छापील कविता शिकवल्या; पण दीडशे वर्षांपूर्वीच्या या निरक्षर बाईची सर कुणाला नाही. आपट, उचल, सरकव, हेच तिचं वृत्त. ऐकता ऐकता बायकांचे हात वल्ही होतात, आणि टेबलाचा समुद्र.

गाणं वादळापर्यंत आलं आणि अडलं. शेवटचं कडवं आधी आई म्हणायची, मग तू. बाकीच्यांनी फक्त ध्रुवपद धरलेलं. सगळे हात थांबले.

"होडी भर समुद्रात सोडली गं आपण," कर्स्टी म्हणाली.

पेगीचा नवरा मे महिन्यात मासेमारीच्या बोटीवर जाणार. कापड त्याच्याच कोटाचं. एका कापडावर तेच गाणं पुन्हा गात नाहीत. पेगी रडकुंडीला आली आहे. अर्धवट गाण्याचा कोट अपशकुनी, म्हणून कापडाला कात्री लावू देत नाही. मी तेव्हाच खिडकीतून म्हटलं, "अगं, शेवटचं कडवं अजून गायलंच कुठे? ते पहिल्यांदाच होईल."

"चला, मास्तरांची विद्या एकदाची कामाला आली!" कर्स्टी म्हणाली.

तर एफी, ये आणि ते कडवं गा. तू नाही म्हणशील. का, ते लिहायचं मी इतका वेळ टाळतोय. तुझ्या नवऱ्याच्या, रूरीच्या कोटाच्या कापडावर तू ते कडवं पुरं गायली होतीस. तुझा रूरी समुद्रावरून परतला नाही. त्यानंतर तू गायलीच नाहीस.

पण आई सांगायची ते आठव. मार्सलीने ते कडवं रचलं, तेव्हा तिच्या बुडालेल्या नवऱ्याला मातीही देऊन झाली होती. तिला सगळं माहीत होतं. तरी त्या शब्दांत तिने होडी किनाऱ्याला ओढून आणली. शेजारणींची माणसं अजून समुद्रावर होती ना!

कडवं लिहून पाठवू नकोस. कागदावरचं मला पुरेल, पेगीला नाही. मंगळवारच्या बोटीला मी धक्क्यावर असेन, गुडघे काही म्हणोत.

तू आत गाशील तेव्हा खिडकीखाली उभा असलेला,
तुझा भाऊ
लाखलन