किल्ल्यासमोर बंद पडणारा टेप

५ ऑगस्ट १९९८, बुधवार

आज सकाळी मी एक लबाडी केली. वय एकोणपन्नास, गळ्यात माळ — आणि लबाडी! लिहून टाकतो, म्हणजे पोटात राहणार नाही.

अर्नाळ्याला शत्रुघ्न तांडेलच्या बोटीवर टेप बसवायचं काम होतं. परवा नारळी पुनव, मग बोटी बाहेर पडणार. हट्ट त्याच्या इंजिनवाल्याचा, सोनूचा. वीस वर्षं त्या धडधडीजवळ बसून त्याचे कान किटलेत. ‘दादा, एक गानं तरी कानावर पडू दे,’ म्हणाला. टेपही त्यानंच पसंत केला.

मोटारीत एक वायर पत्र्याला जोडली की भागतं. लाकडी बोटीत पत्राच नाही. दोन्ही वायरी थेट बॅटरीपर्यंत नेल्या. खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडतं म्हणून प्रत्येक सांध्याला कथलाचा डाग दिला, वर ग्रीस लावलं. काम चोख. तिथे लबाडी नाही.

लबाडी पुढे. काल शत्रुघ्नची आई, यशोदाकाकी, आगाशीला माझ्या दुकानात आली होती. ‘तुळशीदास, किल्ल्यासमोर आले की पोरं देवीचा दिवा लावतात, हात जोडतात. तवा तरी ते केकाटनं बंद पायजे. शत्रुघ्न माझं ऐकत नाय. तू कायतरी कर.’ आणि काउंटरवर सुक्या बोंबलांची पुडी ठेवली. माळकऱ्यापुढे! मी नको म्हणायच्या आत बायकोनं, मनोरमानं उचलली. ‘माळ तुमच्या गळ्यात आहे, माझ्या नाही.’

म्हातारीचं म्हणणं मला पटलं. माझ्याकडे आचोळ्याच्या भंगारातून आणलेला एक रिले पडून होता, गाडीच्या हॉर्नला लावतात तसला. तो बोटीवर बॅटरीच्या फळीमागे दडवला. केबिनमधल्या देवीच्या लाल दिव्याचं बटण दाबलं की रिले टक् करतो आणि टेपची लाइन तुटते. दिवा बंद केला की टेप पुन्हा सुरू. कोणाला काही सांगितलं नाही. दोन मिनिटांची शांतता — देवी खूश, म्हातारी खूश. मी तर फारच खूश!

९ ऑगस्ट

शत्रुघ्नचा दुकानात फोन. ‘तुळशीदासभाऊ, टेप किल्ल्यासमोर जो बंद पडला, तो परत बंदराला लागेपर्यंत बंद! आनि बंदरात येऊन दिवा मालवला, तर लागला की वाजायला!’

मी विचारलं, ‘दिवा तोपर्यंत चालूच होता?’

‘म्हंजे काय! मानसं पान्यात असेपर्यंत देवीचा दिवा मालवतात होय?’

फोन ठेवला आणि उपरणं तोंडात धरून हसलो. मी पडलो वाडीतला माणूस. आमच्या देवघरातला बल्ब नमस्कार झाला की मनोरमा पटकन बंद करते. मला वाटलं, समुद्रावरही तसंच. आमच्या नंदाखालहून समुद्र हाकेवर, आणि एवढी गोष्ट ठाऊक नाही! दोन मिनिटांचा बेत होता, झाला दिवसभराचा.

१० ऑगस्ट

बंदरावर गेलो. दिवा बंद, टेप ठणठणीत. उगाच फ्यूज बदलला. टेस्ट लॅम्प इकडे लाव, तिकडे लाव. चेहरा डॉक्टरसारखा. खलाशी घोळका करून बघत होते. दोनदा चहा झाला.

खरं तर तेव्हाच रिले काढायचा. पण किनाऱ्यावर यशोदाकाकी मासळीच्या टोपलीशी उभी होती. माझ्याकडे बघून बोळक्या तोंडानं हसली. म्हटलं, अजून एक फेरी होऊ दे.

१३ ऑगस्ट

पुन्हा बोलावणं. आता टेप का बंद पडतो यावर आठ खलाशांची आठ मतं! एक म्हणाला, किल्ल्याच्या भिंतीत लोखंड आहे, ते करंट ओढतं. दुसरा म्हणाला, स्पीकरमधलं लोहचुंबक भरतीला फिरतं. सर्वांत म्हातारा होता तो म्हणाला, ‘देवीला नको हाय. संपलं.’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गंभीर होऊन म्हणालो, ‘समुद्रावरचं काही सांगता येत नाही.’

या वाक्याची आता लिहिताना लाज वाटते. बोलताना मात्र फार आवडलं होतं.

सोनू इंजिन पुसत होता. ‘दादा, टेप मीच आनायला लावला ना,’ एवढंच म्हणाला.

१६ ऑगस्ट

काकीकडून बोंबील पुन्हा आले. मनोरमा तव्यावर भाजताना म्हणाली, ‘अहो, अजून किती दिवस नादुरुस्त ठेवणार आहात?’

मी काही सांगितलं नव्हतं. तिला कळतंच.

१९ ऑगस्ट

हसणं संपलं. तीन फेऱ्या जाळ्यात मासळी नाही, नुसता जेलीफिशचा चिकट गोळा. इतर बोटींचीही तीच रड आहे. पण बाकीच्यांना दोष द्यायला काही नाही, शत्रुघ्नच्या बोटीवर आहे. देवी रागावली. कोणावर? ज्यानं टेप आणायला लावला त्याच्यावर.

सोनू काल तरीत, म्हणजे बेटावर जाणाऱ्या होडीत बसून किल्ल्यात गेला, अनवाणी. देवीपुढे नाक घासून आला. आज पुन्हा फेरीला निघाले. किल्ल्यासमोर आल्यावर त्यानं स्वतःच्या हातानं दिवा लावला. टेप बंद.

हे मला शत्रुघ्ननं दुकानात बसून सांगितलं.

२० ऑगस्ट

वाडीत केळींना टेकू द्यायला मनोरमानं गडी बोलावला. बघतो तर सोनू!

मी विचारलं, ‘बोटीवर नाही गेलास?’

‘समुद्राला मी नको झालोय, दादा. बाकीच्यांच्या पोटावर कशाला पाय आनू?’

दिवसभर मान खाली घालून बांधत होता. काय ती त्याची गाठ! मनोरमा म्हणाली, वादळ आलं तर झाड जाईल पण टेकू जाणार नाही. वीस वर्षं ज्याच्या कानानं इंजिनाचं दुखणं ओळखलं, तो माणूस माझ्या वाडीत केळी बांधतोय. चहा मी स्वतः नेऊन दिला. सांगायचं होतं. रिकामा कप घेऊन परत आलो.

२१ ऑगस्ट

युक्ती सुचली! बंदरावर गेलो, बॅटरीचे स्क्रू आवळायचं निमित्त केलं, आणि रिले काढून खिशात टाकला. लाइन सरळ जोडून दिली. आता टेप वाजेल, मासळीही येईल तेव्हा येईल, सगळे विसरतील आणि सोनू परत जाईल. कोणाला कळायलाही नको. मी अजून हुशार आहे म्हणायचा.

२३ ऑगस्ट

हुशारीवर पाणी!

शत्रुघ्न पेढे घेऊन घरी आला. ‘भाऊ, दिवसभर वाजला टेप! दिवा चालू आनि टेपबी चालू! जाळ्यात बोंबील आला, कोलीम आला. आनि बोटीवर सोनू नव्हता. आता सांगा!’

पेढा हातात तसाच. मनोरमा आत भांडी आपटत होती.

‘सोनू भला मानूस हाय. पन देवीपुढं आपलं काय चालतं? सातपाटीचा एक इंजिनवाला बगितलाय. शनिवारपासून येनार.’

बोट बंदरात उभी असताना, सोनू घरी बसलेला असताना मी रिले काढला. म्हणजे सोनूवर शिक्का मीच मारला. आधी नुसता संशय होता. मी पुरावा दिला!

२४ ऑगस्ट

मनोरमाला सगळं सांगितलं. तिला अर्ध्याहून जास्त ठाऊक होतं. म्हणाली, ‘नुसतं सांगून कोण ऐकेल? म्हणतील, भाऊंना सोनूची दया आली म्हणून स्वतःवर घेतात. आधी तुम्हीच नाही का म्हणालात, समुद्रावरचं काही सांगता येत नाही?’

बायको पाठ करून ठेवते.

मग अर्नाळ्याला यशोदाकाकीकडे गेलो. ती ओट्यावर सुकट निवडत होती. सोनूचं नाव काढलं तर तिचे हात थांबले. ‘मी दोन मिनिटांचं बोलले होते रे. सोनूला माझ्या हातानं जेवू घातलंय.’ डोळ्यांना पदर लावला. पण लगेच म्हणाली, ‘माझं नाव घेऊ नको, तुळशीदास. शत्रुघ्न माझं तोंड बघनार नाय.’

परत येऊन माळ घेऊन बसलो. प्रत्येक मण्याला कानात टक्. दिवा देवीचा, वायर माझी, आणि बोल मात्र तिच्या नावानं गेला. इतकी वर्षं नाम घेतो. देवीच्या नावावर एवढं मोठं खोटं बोलायची वेळ कधी आली नव्हती. बोललो कुठे म्हणा — गप्प राहिलो, आणि लोकांनी ते तिचं बोलणं मानलं.

उद्या गणपती बसतील. मखराला दिव्यांची माळ लावायची आहे. हात वायरीला लावावासा वाटत नाही.

२६ ऑगस्ट

दीड दिवसाचे गणपती पोचवले. पाण्यातून वर आलो तो तसाच शत्रुघ्नकडे. ‘मला एक फेरी बोटीवर न्या. सोनूलाही घ्या. टेपचं काम राहिलंय.’

‘वाजतोय की आता!’

‘तरीही.’

‘भाऊ, तुमी तरीत बसून किल्ल्यात जाता तरी डोळे मिटून घेता! भायेर लाटा कसल्या हायेत, म्हाईत हाय का?’ सगळे खलाशी हसले. मीही हसलो.

सोनू यायला तयार नव्हता. मी म्हणालो, माझी कंबर धरली आहे, बॅटरी उचलायला माणूस हवा. ‘तुमच्यासाठी येतो, दादा,’ म्हणाला.

कंबर ठणठणीत आहे. ही शेवटची लबाडी.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

किल्ला येईपर्यंत तीनदा ओकलो. मग सगळ्यांना जवळ बोलावून, त्यांच्या डोळ्यांदेखत रिले जोडला. सोनूला म्हणालो, लाव दिवा. टक् — टेप बंद. रिले उपटून लाइन सरळ जोडली. टेप चालू. पुन्हा जोडला, बंद. तिसऱ्यांदा करून दाखवायची गरज पडली नाही.

‘देवीनं नाही, मी बंद करत होतो,’ म्हणालो. शत्रुघ्ननं विचारलं, कोनी सांगितलं होतं? म्हणालो, कोणी नाही, माझंच डोकं. सोनू उठला, सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली एक ठेवून दिली, आणि खाली जाऊन इंजिनाशी बसला.