रिठीवरची चार बंड्या माती

सौंसर, ९ नोव्हें. ८६
निवृत्त होऊन शाळा सुटली तेव्हा ही वहीही बंद केली होती. आज उघडावी लागली. कारण कामाला येणारी गयाबाई वाफ्यात ढेकळं फोडता फोडता मटकन बसली आणि म्हणाली, "बाई, ही आमच्या घरची माती हाय." कुणाजवळ बोलण्यासारखं नाही. म्हणून इथे.
परसातली काळी, चिकण. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा, पावसात चपला ओढून घेते. शेणखत, पाला, ताग गाडणं, तीन वर्षं सगळं केलं. शेवटी शामराव बैलबंडीवाला म्हणाला, मोहगावच्या वाटेवरच्या रिठीची पांढरी माती टाका. ओसाड गाव, पडक्या भिंती, चुलींची राख. काळी मोकळी होते. चार बंड्या आणवल्या, चार वाफ्यांत कालवल्या. वीतभर खोल, दोनदा उलथून. मी काम अर्धवट करत नाही.
दुसऱ्या वाफ्यात जात्याची तळी निघाली. कडेला तीन खाचा. गयाच्या बापाने मारलेल्या, लेकरामागे एक; त्यावरूनच तिने ओळखलं.

१० नोव्हें.
गया कामावर नाही. तळी काल डोक्यावर घेऊन गेली.
शामरावला विचारलं. हसतो. "मातीवर का नाव लिवलं असते, बाई? पोरं संपली तं आता ढेकळाईले शिकवून राहिल्या का?"
रागावले. नंतर वाटलं, नेमकं कुणावर?

१४ नोव्हें.
गया आली. कामाला नाही. चपला फाटकाशी काढून वाफ्याच्या कडेला उभी.
मरी आली तेव्हा ती आठ वर्षांची. "माय अन दोन भाऊ. दोन दिवसात. उचलाले माणूस नोहता. काकानं छप्पर पाडलं त्याईच्या अंगावर अन मले घेऊन पळाला." पुन्हा तिकडे गेली नाही.
"आमची माणसं आमाले काढून द्या, बाई. एकदा नीट पुरतो."
"माती आहे ती, गया."
"मंग तुमी कडेकडेनं काऊन चालून राहिल्या?"


२० नोव्हें.
दुपारभर चाळून पाहिली. वाळवून, चुरून, पुन्हा चाळून. पांढरी वेगळी होत नाही. काळीने कण न् कण धरला आहे. मला हेच तर हवं होतं. कॉलेजात मातीचे प्रकार पाठ केले होते, त्यांत हा नव्हता.
हाताला धुराचा वास. तीनदा साबण.

२ डिसें.
मेथी भरघोस. इतकी मऊ जमीन या परसात कधी नव्हती. पाय ठेवला तर आवाज येत नाही.
शेजारच्या मालतीताई: "जुडी तं द्या, बाई. एवढी का एकट्या खाता?" नाही म्हटलं. तोंड वाकडं करून गेल्या. मी स्वतः एक काडी खुडलेली नाही. जेवताना परसाकडे पाठ करते. तरी मागे कुणीतरी ताटाकडे पाहत...

९ डिसें.
गया रोज दुपारी येते, बसते, जाते. आज नावं सांगितली. आईचं, थोरल्याचं. धाकट्याचं ठेवायचं राहिलं होतं.
रात्री वाचायला उशाला घेतलेलं पुस्तक न उघडता तसंच.

१७ डिसें.
तिला म्हटलं, उद्या बंडी आण. तळी निघाली तो वाफा सगळा खोदून देते. खोटं सांगितलं नाही. पुरतं खरंही सांगितलं नाही.

१८ डिसें.
सकाळी मीच कुदळ घेतली. शामरावने बंडी लावली, आज थट्टा नाही. गयाने बंडीत जुनं लुगडं अंथरलं होतं.
भरून झाल्यावर तिने विचारलं, "सारे आले नं, बाई?"
चारही वाफ्यांत एकच माती. हे मला माहीत, शामरावला माहीत. तो बैलांकडे पाहत राहिला.
"सारे आले," म्हटलं.
ती माझ्या पाया पडायला वाकली. पडू दिलं नाही.
स्वाधीन केलं ते: दुसऱ्या वाफ्यातली माती, बावीस टोपल्या, वरच्या मेथीसकट. उरलेल्या तीन वाफ्यांना आज पाणी घातलं नाही.